विमानाच्या धुराचा उरलेला दोन तृतीयांश हिशेब

१००.९ मिलिवॅट आणि ३४.३ मिलिवॅट. विमानवाहतूक आणि हवामानबदल यांच्याविषयी जे बोलायला हवे आणि क्वचितच बोलले जाते, ते या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

पहिला आकडा आहे एकूण भाराचा. १९४० पासून २०१८ पर्यंत जगभरातल्या विमानांनी जे काही हवेत सोडले, त्यामुळे २०१८ साली पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती जास्तीची उष्णता अडकून राहत होती, याचा तो अंदाज. ब्रिटनमधल्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे डेव्हिड ली आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा आकडा त्यातल्या एकट्या कार्बन डायऑक्साइडचा. म्हणजे भाराचा एक तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडचा आणि दोन तृतीयांश भाग इतर गोष्टींचा. विमान कंपन्यांचे अहवाल, विमानतळांच्या 'नेट झिरो'च्या घोषणा, तिकिटासोबत विकली जाणारी कार्बन भरपाई, यांत जवळपास सगळीकडे त्या एक तृतीयांशाचाच हिशेब असतो.

मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग, तेव्हा हे किरकोळ वाटेल. गुणाकार करून पाहू. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. प्रत्येक चौरस मीटरवर १००.९ मिलिवॅट धरले तर एकूण साधारण ५१ हजार गिगावॅट होतात. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून स्थापित क्षमता २०२५ मध्ये ५०० गिगावॅटच्या पुढे गेली. त्याच्या शंभरपट उष्णता, रात्रंदिवस, अखंड. माणसाने आजवर हवामानावर टाकलेल्या एकूण भारात विमानांचा वाटा याच हिशेबाने सुमारे ३.५ टक्के येतो.

हा विषय नवी मुंबईतून लिहिण्याला कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमाने उडू लागली. १,१६० हेक्टर जागा, ३,७०० मीटरची धावपट्टी, पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची सोय आणि सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटींची. खाडीपलीकडच्या सांताक्रूझच्या विमानतळाने २०२४-२५ मध्ये साधारण साडेपाच कोटी प्रवासी हाताळले. एका महानगराला पुढच्या काही दशकांत केवढी विमाने लागणार आहेत, ते यावरून दिसते.

या विमानतळावर वाद पुष्कळ झाले. ९२ मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खारफुटी गेली, दहा गावे उठली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली, तीही याच मुद्द्यांवरच्या प्रदीर्घ ताणाताणीनंतर. ते सगळे मुद्दे खरे होते आणि आजही आहेत. पण त्या वादाचा सगळा भर जमिनीवर होता. इथून उडालेले विमान अर्ध्या तासाने अकरा किलोमीटर उंचीवर गेल्यावर तिथल्या हवेचे काय करते, हा प्रश्न कोणाच्या फायलीत बसत नाही. आता विमाने उडू लागली आहेत, तेव्हा तो विचारायलाच हवा.

चार टन इंधनाचे काय होते

नवी मुंबईहून दिल्लीला जाणारे एक साधे, एकाच मार्गिकेचे विमान घेऊ. त्याने वाटेत चार टन इंधन जाळले असे समजू. विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले केरोसीन. एक किलो जाळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन जुळतो. चार टनांचे झाले १२.६ टन. हाच आकडा अहवालात जातो.

उरलेली यादी अशी. पाण्याची वाफ, किलोमागे साधारण १.२४ किलो, म्हणजे जवळजवळ ५ टन. नायट्रोजन ऑक्साइड, किलोमागे १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलो. गंधकाचा डायऑक्साइड, किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे ५ किलोच्या घरात. आणि काजळी, किलोमागे ०.०३ ग्रॅम, म्हणजे दिल्लीपर्यंतच्या अख्ख्या प्रवासात १२० ग्रॅम.

या १२० ग्रॅमवर थोडे थांबायला हवे. वजनाला ती मूठभरही नाही. पण काजळीचे कण इतके बारीक असतात की एक किलो इंधनामागे त्यांची संख्या एकावर चौदा किंवा पंधरा शून्ये एवढी भरते. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे चाळीसच्या खाली असते. इंजिनातून निघालेली गरम, ओलसर हवा त्या गारठ्यात मिसळली की वाफेचे थेंब होतात, ते याच कणांवर बसतात आणि लगेच गोठतात. आकाशात विमानामागे दिसणारी पांढरी रेघ ती हीच. तिला कॉन्ट्रेल म्हणतात. गावाकडे पोरे तिला बघून 'रॉकेट गेले' म्हणून ओरडतात, पण तो धूर नसतो. तो बर्फ असतो.

ही रेघ केव्हा उमटेल याचे गणित जर्मनीत अर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये मांडले. मूळ कारण लष्करी होते. बाँबफेकी विमानांचा माग या रेघांवरून लागत असे. त्या गणिताप्रमाणे हवा पुरेशी थंड असली की रेघ उमटते. ती टिकते मात्र वेगळ्या अटीवर. भोवतालची हवा बर्फाच्या दृष्टीने संपृक्ततेच्याही पुढे ओली असावी लागते. कोरड्या हवेत रेघ मिनिटभरात विरते. ओल्या हवेत ती तासन्‌तास राहते, वाऱ्याने पसरते, दुसऱ्या रेघांत मिसळते आणि शेवटी पातळ, तंतुमय ढगांचा पडदा होऊन बसते. त्या पडद्यातला बहुतेक बर्फ विमानाच्या वाफेचा नसतो, हवेत आधीपासून असलेल्या ओलाव्याचा असतो. विमान फक्त त्याला गोठायला निमित्त देते. म्हणून १२० ग्रॅम काजळीचा परिणाम तिच्या वजनाच्या प्रमाणात राहत नाही.

हा पडदा दिवसा दोन कामे करतो. वरून येणारे ऊन थोडे परतवतो आणि खालून जाणारी उष्णता थोडी अडवतो. रात्री पहिले काम उरत नाही. तेव्हा तो नुसती गोधडी असतो.

जमा आणि वजा

आता १००.९ ची फोड पाहू. कॉन्ट्रेल आणि त्यांच्यापासून झालेले ढग, ५७.४ मिलिवॅट. कार्बन डायऑक्साइड, ३४.३. नायट्रोजन ऑक्साइड, सगळी वजाबाकी करून, १७.५. पाण्याची वाफ, २. काजळीने थेट शोषलेली उष्णता, १ पेक्षा किंचित कमी. आणि गंधकापासून होणारे सल्फेटचे कण उलट दिशेने काम करतात, ऊन परतवून गारवा देतात, उणे ७.४. प्रत्येक घटकाचा अंदाज स्वतंत्रपणे काढलेला असल्यामुळे साधी बेरीज तंतोतंत जुळत नाही. काजळी आणि सल्फेट यांचा नैसर्गिक ढगांवर काय परिणाम होतो, हा घटक तर या बेरजेत घेतलेलाच नाही, कारण त्याचा विश्वासार्ह आकडा शास्त्रज्ञांना देता आला नाही.

नायट्रोजन ऑक्साइडचा १७.५ हा आकडा वरवर साधा दिसतो, पण त्याच्या पोटात मोठी उलथापालथ आहे. हा वायू स्वतः फारशी उष्णता अडवत नाही. तो उन्हात इतर वायूंशी मिळून ओझोन तयार करतो आणि ओझोन उष्णता अडवतो. ही झाली जमा, ४९.३. पण त्याच रासायनिक साखळीतून हवेतला मिथेन लवकर नष्ट होतो आणि मिथेन हा कडक हरितगृह वायू आहे. ही वजा, २१.२. मिथेन घटल्याने पुढे ओझोनही थोडा घटतो, आणखी १०.६ वजा. शिवाय एक लहान वजावट. ओझोनची वाढ काही आठवड्यांत ओसरते, मिथेनची घट दशकभर चालते. एकाच ६० किलोचे हे तीन-चार हिशेब वेगवेगळ्या वेळापत्रकांवर चालतात.

यात नियमांची एक मोठी उणीव दिसते. इंजिनांच्या नायट्रोजन ऑक्साइडवर आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची मर्यादा आहे. पण ती तपासली जाते उड्डाण आणि उतरण्याच्या चक्रासाठी, म्हणजे ३,००० फुटांपर्यंतच्या कामासाठी. विमानतळाभोवतीच्या वस्तीच्या फुप्फुसांसाठी ती हवीच. उलवे, करंजाडे, पनवेलच्या लोकांचा त्यावर पहिला हक्क आहे. मात्र हवामानावरचा ओझोनचा भार ज्या उंचीवर तयार होतो, तिथपर्यंत हा नियम पोहोचत नाही.

आता अनिश्चिततेविषयी, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कार्बन डायऑक्साइडचे ३४.३ खात्रीने २८ ते ४० च्या दरम्यान आहेत. कॉन्ट्रेलचे ५७.४ मात्र १७ ते ९८ मध्ये कुठेही असू शकतात. नायट्रोजन ऑक्साइडचे १७.५ हे ०.६ ते २९ मध्ये. एकूण बेरीज ५५ ते १४५. ज्या दोन तृतीयांशाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याचा विश्वासदर्जा खुद्द संशोधकांनीच 'कमी' असा नोंदवला आहे. कॉन्ट्रेलचा परिणाम शून्य नाही आणि तो तापवणाराच आहे, यावर मात्र फारसे दुमत उरलेले नाही.

दुसरी अडचण काळाची. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो, कॉन्ट्रेल संध्याकाळपर्यंत. दोघांना एकाच मापात कसे मोजायचे? त्याच अभ्यासात विमानांच्या एकूण परिणामाला कार्बन डायऑक्साइडच्या किती पट म्हणावे याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. वीस वर्षांची मुदत धरून मोजले तर ४ पट. शंभर वर्षांची धरली तर १.७ पट. शंभर वर्षांनंतरच्या तापमानावर मोजले तर जेमतेम १.१ पट. वाहतूक सतत वाढते आहे हे लक्षात घेणाऱ्या नव्या पद्धतीने ३ पट. धूर तोच, विमान तेच. म्हणून कोणी 'विमानाचा खरा परिणाम तिप्पट असतो' असे एका वाक्यात सांगितले तर पहिला प्रश्न मुदतीचा विचारावा.

जगाची सरासरी पनवेलला लागू पडत नाही

इथपर्यंतचे आकडे जगाचे. ते जसेच्या तसे उचलून नवी मुंबईच्या प्रत्येक उड्डाणाला लावणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल, आणि पर्यावरणाची कळकळ असणाऱ्यांकडूनही ती होते.

कारण हवेची उभी रचना. पनवेलला जमिनीवर ३० अंश सेल्सिअस आहे असे धरा. वर जाताना दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. ३५,००० फुटांवर, म्हणजे १०.७ किलोमीटरवर, तापमान येते उणे ३९ च्या आसपास. कॉन्ट्रेलसाठी ते काठावर आहे. प्रमाणित हवामानाच्या तक्त्यात याच उंचीला उणे ५४ असते आणि युरोपच्या हिवाळ्यात प्रत्यक्षही साधारण तेवढेच. थोडक्यात, जर्मनीवर ज्या उंचीला विमान रेघ ओढते, त्याच उंचीला आपल्याकडे बहुधा ओढत नाही. आपल्याकडे त्यासाठी ४०,००० फुटांपर्यंत जावे लागते, तिथे हिशेब उणे ४९ येतो. वाशी-कोपरखैरण्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमाने किंवा उलव्यातून नुकतीच उडालेली विमाने कधीच रेघ सोडत नाहीत, कारण ती कितीतरी खाली आणि उबदार हवेत असतात. गोव्याला जाणारे विमान तर पुरते वर जाते न जाते तोच उतरायला लागते.

शिवाय कोरडेपणा. विषुववृत्तावर वर चढलेली हवा विशी-तिशीच्या अक्षांशांवर खाली बसते आणि बसताना कोरडी होते. या चक्राला हॅडली अभिसरण म्हणतात. हिवाळ्यातले महाराष्ट्राचे निळेभोर आकाश हे बरेचसे त्याचेच देणे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या रॉजर टिओ आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये २०१९ ते २०२१ या काळातल्या जगभरच्या उड्डाणांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात २०१९ साठी कॉन्ट्रेलचा जागतिक सरासरी भार ६२.१ मिलिवॅट आला, युरोपवर ८७६, अमेरिकेवर ४१४ आणि पूर्व आशियावर फक्त ६४. (ही पद्धत लींच्या अंतिम आकड्याहून वेगळी आहे, तेव्हा ६२.१ आणि ५७.४ शेजारी ठेवून तुलना करू नये.) पूर्व आशियात विमाने कमी नाहीत. पण तिथे उड्डाणाची उंची कमी आणि उपोष्ण पट्ट्यात ओलसर, गोठवणारे थरही कमी. १९ अंश अक्षांशावरची नवी मुंबई याच कोरड्या पट्ट्याच्या प्रभावाखाली येते, निदान पावसाळा सोडून.

पावसाळ्यात चित्र फिरते. मान्सूनचे उंच ढग दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ओलावा नेऊन सोडतात आणि वरचे थर महिनोन्‌महिने ओले राहतात. तेव्हा रेघ टिकायला हवी तशी हवा मिळते. पण तिथे आधीच एवढे नैसर्गिक ढग असतात की विमानाच्या पडद्याने फरक किती पडला, हे सांगणे अवघड होते. उत्तरेकडे, दिल्लीच्या वाटेवर, हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ येतात तेव्हा मात्र थंडी आणि ओल दोन्ही एकत्र येतात.

म्हणजे आपली सुटका झाली का? नाही. नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत पारडे उलटे झुकते. ओझोन तयार व्हायला ऊन लागते आणि ऊन आपल्याकडे मुबलक. केंब्रिज आणि रेडिंग विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये युरोप, अमेरिका, भारत, चीन अशा वेगवेगळ्या प्रदेशांवर सोडलेल्या नायट्रोजन ऑक्साइडची तुलना केली. कमी अक्षांशांवर सोडलेल्या त्याच किलोचा परिणाम ओझोन आणि मिथेन दोन्हींवर जास्त निघाला. भारतीय आकाशात कॉन्ट्रेलचा वाटा युरोपपेक्षा लहान आणि नायट्रोजन ऑक्साइडचा मोठा असण्याची शक्यता यामुळे बळावते. मग आपले उपायही वेगळे असतील. युरोपातून आयात केलेला एकच गुणक आपल्याला चुकीच्या जागी पैसे घालायला लावेल.

आणि रात्र. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात आग्नेय इंग्लंडवरच्या उड्डाणांपैकी फक्त चौथा भाग रात्रीचा होता, पण कॉन्ट्रेलच्या तापवण्यात रात्रीचा वाटा ६० ते ८० टक्के निघाला. डिसेंबर ते फेब्रुवारीत वर्षाची २२ टक्के उड्डाणे होती आणि वर्षाचा निम्मा परिणाम. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने कधी सुटतात ते प्रवाशांना ठाऊक आहे, मध्यरात्रीनंतर. जानेवारीत रात्री दोनला निघालेले विमान पश्चिमेकडे, सूर्याच्या पुढे पळत राहते. नऊ तासांनी ते फ्रँकफर्टला टेकते तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि सूर्य उगवायला अजून दीड तासाहून अधिक असतो. सगळी वाट अंधाराची, शेवटचा टप्पा जगातल्या सर्वाधिक कॉन्ट्रेल-भाराच्या आकाशातला, आणि ऋतू हिवाळा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला तेव्हा तो सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालत होता आणि उड्डाणे देशांतर्गत होती. तिथून लांब पल्ल्याची रात्रीची विमाने सुटू लागतील, तशी त्याची ही बाजू बदलत जाईल. पनवेलवर रेघ उमटली नाही म्हणून पनवेलहून निघालेल्या विमानाने ती कुठेच ओढली नाही, असे होत नाही.

शंभरातली दोन उड्डाणे

इम्पीरियल कॉलेजच्या त्याच अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा २ टक्क्यांचा आहे. २०१९ मधल्या उड्डाणांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी तापवणारी कॉन्ट्रेल सोडली, पण वर्षभराच्या एकूण परिणामातला ८० टक्के भाग केवळ २ टक्के उड्डाणांचा होता. सांताक्रूझला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाण-उतरणींची नोंद झालेली आहे. जगाचे प्रमाण लावले तर त्यातली वीसेक. प्रत्यक्षात आपल्याकडे किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. पण शंभरातल्या दोनांनाच हात लावायचा असेल, तर हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. कार्बन डायऑक्साइडबद्दल असे म्हणता येत नाही, तो प्रत्येक विमानाच्या प्रत्येक किलोमागे ३.१६ ठरलेलाच.

ओले थर जाडीला अनेकदा काही शे मीटरच असतात. विमान दीड-दोन हजार फूट वर किंवा खाली नेले की त्यातून बाहेर पडते. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी २०२३ मध्ये सहा महिन्यांतल्या ७० चाचणी-उड्डाणांचा निष्कर्ष जाहीर केला. अंदाज पाहून उंची बदललेल्या उड्डाणांत कॉन्ट्रेलची लांबी ५४ टक्क्यांनी घटली आणि इंधन २ टक्के जास्त लागले. आपल्या चार टनांच्या उड्डाणाला हे लावले तर ८० किलो जास्तीचे इंधन आणि २५३ किलो जास्तीचा कार्बन डायऑक्साइड. हा सौदा योग्य की अयोग्य, हे त्या दिवशी त्या थरात खरोखर रेघ टिकणार होती का, यावर ठरते. अंदाज चुकला तर २५३ किलो फुकट, आणि तेही शतकांसाठी. म्हणूनच मोजमापाविना घाई नको.

इंधनाचीही तीच गोष्ट. जर्मन संशोधन संस्था डीएलआर, एअरबस आणि सहकाऱ्यांनी ए-३५० विमानाच्या मागून दुसरे विमान उडवून बर्फाचे कण मोजले. पूर्णपणे शाश्वत इंधन वापरले तेव्हा, २०२४ मधल्या निष्कर्षानुसार, किलोमागे बर्फकणांची संख्या ५६ टक्क्यांनी घटली, कारण या इंधनात काजळी करणारी ॲरोमॅटिक द्रव्ये नसतात. आपल्याकडे १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचे विमान प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइलने बनवलेल्या देशी शाश्वत इंधनाचे मिश्रण घेऊन उडाले. अल्कोहोलपासून बनवलेले ते इंधन होते, मिश्रण १ टक्क्यापर्यंतचे. केंद्र सरकारचे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीचे उद्दिष्ट २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के आहे. नवी मुंबईच्या विमानतळावर या इंधनासाठी वेगळ्या साठ्याची सोय केल्याचे उद्घाटनावेळी सांगितले गेले. तो साठा सगळ्या विमानांत टक्का-टक्का वाटला तर काजळीत जाणवेल असा फरक पडणार नाही. तोच हिवाळ्याच्या रात्री युरोपला निघालेल्या निवडक विमानांत निम्म्या प्रमाणात भरला, तर तेवढ्याच लिटरमध्ये अनेक पट लाभ मिळू शकतो. उत्तर अटलांटिकवरच्या उड्डाणांसाठी हा हिशेब मांडला गेला आहे. आपल्यासाठी तो कोणीतरी मांडायला हवा.

मोजायला काय आहे

साधने थोडीथोडकी नाहीत, विखुरलेली आहेत. सांताक्रूझहून हवामान खात्याचा फुगा दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, वर जातो आणि तापमान व आर्द्रता कळवतो. उणे चाळीसच्या खाली आर्द्रता मोजताना त्याची अचूकता घसरते आणि दोन फुग्यांमधल्या बारा तासांत आकाश बदलते. इन्सॅट-३डीएस उपग्रह फेब्रुवारी २०२४ पासून वर आहे, पण अवरक्त प्रतिमेत त्याचा एक ठिपका ४ किलोमीटरचा. नुकतीच उमटलेली अरुंद रेघ त्यात हरवते. अमेरिकेत गूगलने ज्या उपग्रहाच्या प्रतिमांवर काम केले, त्याचा ठिपका २ किलोमीटरचा होता.

पुण्यात १९६२ पासून भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिथल्या सुवर्णा फडणवीस आणि सहकारी मान्सूनच्या काळात आशियावर, विमानांच्या उंचीच्याही वर, साचणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थराचा अनेक वर्षे अभ्यास करत आहेत. याच संस्थेची महाबळेश्वरला उंचावरच्या ढगांची प्रयोगशाळा आहे. वरच्या हवेतल्या वायूंचे आणि कणांचे रसायन संगणकावर उभे करण्याची तयारी महाराष्ट्रात आहे, ती परक्याकडून आणायला नको. सह्याद्रीच्या माथ्यावर आकाशाकडे तोंड केलेले दोन-चार कॅमेरे आणि विमानांचे संकेत टिपणारे स्वस्त रिसीव्हर लावले, तर कोणत्या विमानाने, किती उंचीवर, केव्हा रेघ सोडली आणि ती किती टिकली, याची नोंद सुरू होऊ शकते. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना जमेल असे हे काम आहे.

सर्वांत मोलाची साधने मात्र विमानेच. युरोपात १९९४ पासून मोझाइक आणि नंतर आयागोस या प्रकल्पांत नेहमीच्या प्रवासी विमानांवर ओझोन आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे बसवली आहेत. आपल्याकडे विमानांनी हवामानाची माहिती सरकारला देणे सक्तीचे करण्याचा विचार पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने मांडला आहे. त्यात चढताना आणि उतरतानाच्या तापमान-वाऱ्यापुरते न थांबता आर्द्रता आणि पूर्ण उंचीवरचा प्रवास धरला, तर एका निर्णयात मोठी दरी भरून निघेल.

नियमांचा रेटाही येतो आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन भरपाईची कोर्सिया योजना भारताला २०२७ पासून लागू होईल, आणि तिच्यात फक्त कार्बन डायऑक्साइड आहे. युरोपीय संघाने मात्र १ जानेवारी २०२५ पासून कार्बनेतर परिणामांची नोंद आणि अहवाल विमान कंपन्यांवर बंधनकारक केला. तो २०२७ पासून युरोपबाहेरच्या मार्गांना लावण्याची तरतूद आहे. विमान कंपन्यांच्या संघटनेचा त्याला विरोध आहे. लागू झाला तर मुंबई-फ्रँकफर्ट विमानाची रेघ युरोप आपल्या सूत्राने मोजेल, आणि त्या सूत्रात भारतीय आकाशाची मोजमापे नसतील.

माझ्या मते नवी मुंबईला इथे एक संधी आहे, जी सांताक्रूझला कधीच नव्हती. विमानतळ नवा आहे आणि प्रत्येक उड्डाणाचा मार्ग, उंची, इंजिन आणि इंधन पहिल्या वर्षापासून डिजिटल स्वरूपात नोंदले जाते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमानतळ चालवणारी कंपनी आणि तिच्यात २६ टक्के भागीदार असलेले सिडको यांनी ही नोंद प्रवाशांची नावे वगळून पुण्याच्या संस्थेला खुली करावी. पुढच्या टप्प्यांच्या पर्यावरणविषयक सुनावण्या होतील, तेव्हा पनवेल-उलव्याच्या नागरिकांनी खारफुटी आणि आवाजाच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न लेखी द्यावा: इथून उडणाऱ्या विमानांच्या कार्बनेतर परिणामांचा वार्षिक आकडा कोण मोजणार, आणि तो कधीपासून जाहीर होणार?